लॅपटॉप तापण्याची संभाव्य कारणं

त्या हिवाळ्यात माझा लॅपटॉप दर रविवारी दुपारी पावणेतीनच्या सुमारास बंद पडायचा. आधी पंखा घरघर करायला लागायचा, मग पडद्यावरची माणसं अडखळत चालायची, आणि मग एकदम अंधार. बटण दाबा, चार्जर काढा, परत लावा, दहा मिनिटं तो हूं की चूं करायचा नाही. कीबोर्डवर तळवा टेकवला तर चटका बसायचा.

आता मी पेशानं टेस्टर आहे. बर्मिंगहॅममधल्या एका ऑफिसात दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरवर संशय घेणं हे माझं काम. डेव्हलपर म्हणतो सगळं चालतंय, मी म्हणतो चालत नाहीये, आणि दोनदा-तीनदा तेच करून त्याला दाखवतो. बायकोचं म्हणणं असं, की हा माझा स्वभाव आधीचा आहे, नोकरी त्याला नंतर सापडली. असेल. सुपरमार्केटमधून आणलेल्या दुधाची तारीख मी घरी आल्यावर पुन्हा बघतो. कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, पत्र आलं तर ते खरंच कौन्सिलनं पाठवलंय का, याची आधी खात्री करतो. तेव्हा ठरल्या वेळी बंद पडणाऱ्या लॅपटॉपकडे मी नुसता बघत बसणार नव्हतो.

पण पावणेतीनला काय असायचं, ते आधी सांगायला हवं.

माझा धाकटा भाऊ मँचेस्टरला असतो, तिथल्या एका हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढतो. आमचं भांडण असं कधी झालं नाही, पण फोनवरचं बोलणं 'कसा आहेस, बरा आहे, थंडी काय म्हणते' याच्या पुढे सरकायचं नाही. सप्टेंबरात नागपूरला आई बाथरूममध्ये पडली आणि तिचं मनगट मोडलं. शेजारच्या काकू होत्या म्हणून निभावलं. हाड जुळलं, पण त्यानंतर ती दोनदा गॅस चालू ठेवून खाली भाजी घ्यायला गेली. दिवसा एक बाई येते, बाकी वेळ फ्लॅटमध्ये ती एकटीच. तिला इथे कायमचं आणता येत नाही, आणली तर फार तर सहा महिन्यांसाठी पाहुणी म्हणून. हे आम्ही दोघांनी वेगवेगळ्या वकिलांना, एकमेकांना न सांगता विचारून घेतलं होतं. म्हणजे आता दोघांपैकी एकानं परत जायचं होतं. कुणी, हा प्रश्न मात्र कुणीच काढत नव्हतं.

मग भावानंच एक शक्कल काढली. लहानपणी आमच्याकडे व्हिडिओ गेमची एकच जॉयस्टिक होती. एक जण खेळायचा, दुसरा शेजारी बसून सूचना द्यायचा, आणि त्या नादात शाळेत खाल्लेल्या मारापासून सगळं बाहेर पडायचं. तो म्हणाला, आपण दर रविवारी दोन वाजता ऑनलाइन खेळू, बोलणं आपोआप होईल. माझ्याकडे गेमिंगचा लॅपटॉप दोन वर्षांपासून होताच. हौसेनं घेतला आणि त्यावर सिनेमे बघितले, अशातली गत.

खेळ सोपा होता. दोघांनी मिळून एक किल्ला राखायचा. त्याच्याकडे उत्तरेचा दरवाजा, माझ्याकडे दक्षिणेचा. पहिली फेरी चाळीसेक मिनिटांत संपायची. मग आपापला चहा घेऊन यायचं, दुसरी फेरी सुरू करायची, आणि मग तो घसा खाकरायचा. "दादा, आईचं काय करायचं?"

आणि लॅपटॉप बंद.

पहिल्या वेळी दोघंही हसलो. दुसऱ्या वेळी मी फोन करून माफी मागितली. तिसऱ्या रविवारनंतर त्याचा आवाज बदलला. चौथ्या वेळी मी फोन लावला तेव्हा त्यानं मला माफी मागूच दिली नाही.

"दादा, एक विचारू? लॅपटॉप खरंच तापतो ना?"

मला असा राग आला की विचारू नका. मी म्हणालो, म्हणजे काय, मी खोटं बोलतोय का? तो म्हणाला, तसं नाही, पण तू गेलास की दोन्ही दरवाजे माझ्यावर येतात. मी म्हणालो, खेळ आहे तो. तो म्हणाला, हो, खेळाबद्दलच बोलतोय मी. आणि फोन ठेवला.

माझ्यावर कुणी संशय घ्यावा? आयुष्यभर ते खातं माझ्याकडे आहे. त्या दिवसापासून मी लॅपटॉपच्या मागे लागलो. तो दुरुस्त करायचा हे कारण दुसरं. पहिलं कारण असं, की मी पळत नाहीये हे मला सिद्ध करायचं होतं.

पहिला संशय खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर. माझं टेबल खिडकीखाली, रेडिएटरला लागून. ते मी ओढून खोलीच्या मधोमध आणलं. बायको दर वेळी त्याच्या कोपऱ्याला मांडी आपटून माझा उद्धार करायची. लॅपटॉप पावणेतीनलाच गेला. दुसरा संशय अपडेट्सवर. आपण खेळतोय हे बघून मागच्या मागे काहीतरी डाउनलोड करत बसण्याची या यंत्रांना खोड असते. ते सगळं बंद केलं, चालू राहणारे दहा-बारा फालतू प्रोग्रॅम काढून टाकले. उपयोग शून्य. मग खेळाचं चित्र हलकं केलं. सावल्या बंद, धूर बंद, गवत बंद. सेकंदाला तीसच चित्रं दाखव असं बजावलं. शत्रू इतके ओबडधोबड दिसायला लागले की ते कुठून येतायत हे कळेना. त्या रविवारी मात्र सात मिनिटं जास्त मिळाली. दोन बावन्नला गेला.

पण गंमत अशी, की त्या दिवशी भावाचा चहा उकळायला उशीर झाला होता आणि त्यानंही विषय सात मिनिटं उशिराच काढला.

इथे माझं डोकं फिरलं. पहिल्या आठवड्यात आमच्या बोलण्याचा प्रोग्रॅम त्यानंच मँचेस्टरहून माझ्या लॅपटॉपमध्ये शिरून बसवून दिला होता. म्हणजे त्याला आत यायचा रस्ता माहीत होता. मी विचार करायला लागलो, त्याला यातून काय मिळेल? मिळेल की. उद्या काका-मामांसमोर म्हणता येईल, मी इतक्या वेळा विषय काढला, दादा दर वेळी पळाला. मग परत जायची पाळी कुणाची, हे वेगळं सांगायला नको. मी तो प्रोग्रॅम काढला, माझ्या हातानं दुसरा बसवला, सगळे पासवर्ड बदलले. बायकोला हे सांगितलं तेव्हा ती पोळी लाटत होती. लाटणं थांबवून तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं. आज लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती.

पुढच्या रविवारी लॅपटॉप बंद पडलाच. म्हणजे भाऊ सुटला. मनातल्या मनातसुद्धा मी त्याची माफी मागितली नाही, ही गोष्ट वेगळी.

मग दुरुस्तीवाला. हाय स्ट्रीटवर मोबाइलची कव्हरं विकणारं एक छोटं दुकान आहे, मागच्या बाजूला लॅपटॉप उघडतात. दुकानदार बोलायला इतका गोड होता, की मला तो तिथेच पसंत पडला नाही. लॅपटॉप देण्याआधी मी घरी तयारी केली. बायकोच्या नेलपॉलिशचा एकेक ठिपका तळाच्या प्रत्येक स्क्रूवर लावला, म्हणजे कुठला उघडला ते कळावं. आतले सुटे भाग बदलून जुने घालतात, असं ऐकून होतो. लॅपटॉपला आईनं शिवलेली खोळ होती. ती दुकानात मळेल किंवा हरवेल म्हणून काढून घडी करून कपाटात ठेवली. पिशवीत नुसता लॅपटॉप आणि चार्जर नेला.

तीन दिवसांनी त्यानं परत दिला. आतली धूळ काढली, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली, दोन तास जड गेम चालवून बघितला. कागदावर लिहून दिलं, दोष आढळला नाही. नेलपॉलिशच्या ठिपक्यांकडे बघून त्यानं विचारलं, तुमच्या मुलीनं रंगवलंय का? मला मुलगी नाही. मी हो म्हणालो.

घरी आणला, खोळ चढवली, रविवारी पावणेतीनला गेला.

आता हे वाचणाऱ्याला कळलं असेल. मला कळलं नाही. आमच्या ऑफिसात डेव्हलपर जेव्हा म्हणतो की माझ्या मशीनवर तर नीट चालतंय, तेव्हा मी त्याला पहिला प्रश्न विचारतो, तुझ्या मशीनवर आणि इथे फरक काय आहे? पंधरा वर्षं मी हा एकच प्रश्न विचारून पोट भरतोय. घरी तो विचारायचं सुचलं नाही. मी सरळ निष्कर्ष काढला की दुकानदार लबाड आहे, आणि लॅपटॉप दुसऱ्या दुकानात नेला. अर्थात खोळ काढून. त्यांनीही सांगितलं, काही झालेलं नाही. मग मी पंखे असलेलं स्टँड मागवलं. ते टेबलावर इतका गोंगाट करायचं की भाऊ विचारायचा, हीथ्रो विमानतळावर बसलायस का. त्यानं भागेना म्हणून पोळ्या गार करायची तारेची जाळी लॅपटॉपखाली घातली. बायकोनं ती त्याच दिवशी परत नेली.

ही खोळ म्हणजे काय, तेही सांगतो. दोन वर्षांपूर्वी आई इथे सहा महिने राहून गेली. आमच्या नागपूरच्या घरात उघडी वस्तू म्हणून दिसायची नाही. मिक्सरला खोळ, शिलाई मशीनला खोळ, रिमोटला प्लास्टिक. फ्रीजच्या हँडलवरचं प्लास्टिक तर फ्रीज विकेपर्यंत होतं. इथे आल्यावर नवाकोरा लॅपटॉप टेबलावर उघडा पडलेला बघून तिला चैन पडेना. तिनं तो उलटा करून बघितला आणि म्हणाली, अरे, खालून इतकी भोकं, कचरा नाही का जाणार? इथे शिलाई मशीन नव्हतं. तिनं आपली एक मऊ झालेली सुती साडी कापली, मध्ये कापसाचा थर घातला, आणि हातानं टाके घालत आठवडाभरात खोळ शिवली. चार्जरच्या जागी काजं केली, चार कोपऱ्यांना इलॅस्टिक लावलं. लॅपटॉप उघडून काम केलं तरी खालचा भाग झाकलेलाच राहील, टेबलावर घासला जाणार नाही, अशी ती हुशारीची रचना होती. ती गेल्यावर खोळ काढावी असं मनात आलं नाही. पुढे पुढे ती दिसेनाशीच झाली. लॅपटॉपचाच भाग झाली.

जानेवारीतल्या एका बुधवारी माझ्या हातून तिच्यावर वरण सांडलं आणि बायकोनं ती धुवायला टाकली. गुरुवारी मला सुट्टी होती. भावाशिवाय एकट्यानंच सराव करावा म्हणून गेम लावला. पाऊण तास झाला, तास झाला, दोन तास झाले. पंखा शांत होता. तापमान दाखवणारा आकडा, जो एरवी सत्त्याण्णवला टेकायचा, तो त्र्याहत्तरवर बसून होता. मला आनंद झाला नाही. मला वाटलं, हा काहीतरी डाव आहे.

मग उठून पाणी प्यायला गेलो तेव्हा कपडे वाळत घालायच्या स्टँडवर ती लटकलेली दिसली.

मी टेस्टर आहे. एकदा घडलं तो योगायोग. संध्याकाळपर्यंत ती रेडिएटरवर वाळवली. घातली, पाऊण तासात बंद. काढली, चालू. घातली, बंद. काढली, चालू. लॅपटॉपची सगळी हवा खालच्या भोकांतून आत-बाहेर करायची, आणि त्या भोकांवर आईची साडी कापूस घालून घट्ट बसवलेली. पहिल्या फेरीची चाळीस मिनिटं, चहाची पाच. तेवढ्याच वेळात लॅपटॉप टोकाला जायचा आणि तेवढ्याच वेळात भावाचा धीर गोळा व्हायचा. बाकी कुणाचा कसला डाव नव्हता. रेडिएटर, दुकानदार, भाऊ, सगळे निर्दोष होते. एवढ्या सगळ्यांवर संशय घेतला, आईवर घ्यायचं डोक्यातही आलं नाही.

भावाला लगेच कळवायला हवं होतं. सिद्ध करायचं होतं ना मला? फोन हातात घेतला, आणि ठेवून दिला. म्हटलं, रविवारी बोलणारच आहोत.

रविवारी जेवण झालं. दोनला दहा कमी असताना मी टेबलाशी आलो. खोळ घडी करून खुर्चीवर ठेवलेली होती. मी ती उचलली, एकेक कोपरा नीट ताणून लॅपटॉपला बसवली, आणि काजातून चार्जर घातला. बायको दारात उभी होती हे मला नंतर दिसलं.

"टेस्ट झाली होती ना तुझी, गुरुवारी?" ती म्हणाली.

मी म्हणालो, अजून एकदा खात्री केलेली बरी.  ती तिथून हलली नाही. मी हेडफोन लावले.

पहिली फेरी आम्ही जिंकलो. भाऊ खुशीत होता. पंखा घरघरायला लागला होता, आकडा ब्याण्णववर होता. चहा झाला. दुसरी फेरी सुरू झाली. आकडा चौऱ्याण्णव. त्यानं घसा खाकरला आणि माझ्या लक्षात आलं की मी आकड्याकडे बघतोय, आणि मनातल्या मनात त्याला म्हणतोय, चल, आता चल लवकर. इतके महिने मी गुन्हेगार शोधत होतो. तो खुर्चीत बसून सत्त्याण्णवची वाट बघत होता.

मी लॅपटॉप उचलला आणि चारही इलॅस्टिक एकामागून एक सोडवली. बोटं भाजली. खेळात माझा दरवाजा पडला, शत्रू आत घुसले, भाऊ ओरडायला लागला की दादा, दक्षिणेला बघ. मी खोळ बाजूला टाकली. आकडा उतरायला लागला.

"दादा? आहेस का?"

"आहे," मी म्हणालो. "लॅपटॉप आता बंद पडणार नाही. मला परत जायचं नाहीये."

त्याच्या बाजूनं पहिल्यांदा नुसता खेळाचा आवाज येत राहिला. मग तोही थांबला, त्यानं खेळ बंद केला असावा. मला वाटलं, आता हा चिडणार. चिडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मलाही नाही, दादा. तू जातो म्हणावंस, म्हणूनच मी विचारत राहायचो. मला वाटायचं, तू बोलून टाकशील आणि मी सुटेन."

 इतक्या रविवारांत पहिल्यांदाच आम्ही खरं बोललो होतो, आणि त्यात आईच्या कामाचं काहीच नव्हतं. शेवटी त्यानं विचारलं, मग तिला हे सांगणार कोण? मी थोरला. मी म्हणालो, मी सांगतो.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसबाहेर बाकावर बसून नागपूरला फोन लावला. तिथे संध्याकाळचे सहा वाजले होते, मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती. आधी मी तिला गॅस बघून यायला लावलं. ती आली. मी शब्द जुळवत होतो. जवळ कुणीतरी असावं, यावर आम्ही विचार करतोय, दिवसाच्या बाईला रात्रीही ठेवता येईल का, असं काहीतरी. तेवढ्यात तीच म्हणाली, धाकटा सांगत होता, तुझा लॅपटॉप फार तापतो म्हणे. मी म्हणालो, हो, आता नाही तापत. तिनं विचारलं, काय झालं होतं त्याला? मी सांगितलं, धूळ होती.



"माझी खोळ तर नव्हती ना रे? कापूस जरा जास्तच घातला होता मी. काढून टाक, लाजू नको. मी कुठे आता तिथे बघायला येणार आहे?"

 बाकावर माझ्या शेजारी सँडविच खात बसलेल्या बाईनं तोंड दुसरीकडे वळवलं, म्हणजे माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसत असणार. जे सांगायला फोन केला होता, ते सगळं गिळून टाकलं. म्हणालो, आई, एप्रिलमध्ये येतो मी.

ती इतकी खूश झाली, की तिथल्या तिथे काकूंना हाक मारली, थोरला येतोय म्हणून. मग कुरडया करून ठेवते म्हणाली, माझ्या खोलीतला पंखा दुरुस्त करून घेते म्हणाली, आणि खोलीतलं कपाट रिकामं करून ठेवते म्हणाली. किती दिवसांसाठी येतोयस, हे तिनं विचारलं नाही. संशय घेणं तिच्या स्वभावातच नाही.